घराचा इन्शुरन्स नाकारला तर काय करायचं: आधी कारण लेखी घ्या, मग पुढचा फॉर्म

कंपनीने घराचा इन्शुरन्स द्यायला नाही म्हटलं की बहुतेक जण त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचा फॉर्म भरायला बसतात, तिथे नाही झालं की तिसरीकडे, आणि गाडं अडतं ते इथेच. बऱ्याच प्रपोजल फॉर्ममध्ये सरळ विचारलेलं असतं की याआधी कुणी इन्शुरन्स नाकारलाय का, पॉलिसी रद्द केलीय का, आणि त्याला खरं उत्तर द्यावंच लागतं. नकार वाढत गेले की पुढची कंपनी घर बघायच्या आधीच हात आखडता घेते. म्हणून आधी थांबा आणि कारण लेखी मागा. फोनवर 'आमच्या निकषात बसत नाही' एवढंच सांगतात, तेवढ्यावर फोन ठेवायचा नाही. छप्पर, वायरिंग, जुने क्लेम, एरिया, की फॉर्ममधलंच काही? एक छोटा ईमेल टाका आणि हेही विचारा की ही गोष्ट दुरुस्त केली तर पुन्हा अर्ज घ्याल का. या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं.

आता कारणं बघू. सगळ्यात जास्त भानगडी छपरावरून होतात, कारण घरात पाणी शिरतं ते वरून आणि वादळात पहिलं उडतं तेही छप्परच. कंपन्या छपराचं वय विचारतात, आणि आजकाल माणूस न पाठवता सॅटेलाइट किंवा ड्रोनचे फोटो बघूनही निर्णय घेतात. वरून घेतलेल्या फोटोत शेवाळ, वाकलेले पत्रे, सरकलेली कौलं, छपरावर आलेल्या झाडाच्या फांद्या हे सगळं दिसतं, पण तुम्ही मागच्या वर्षी आतून केलेलं वॉटरप्रूफिंग दिसत नाही! म्हणून कामाचं बिल आणि तारखेसकट फोटो तुम्हीच पाठवायचे. फोटो कधीचा होता तेही विचारा, जुना फोटो बघून नवीन छपराला नकार दिलेला असू शकतो.

वायरिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोकांना हे कारण खोटं वाटतं, 'इतकी वर्षं लाइट चालूच आहेत की' म्हणतात. अॅल्युमिनियमची तार घ्या. अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या शेवटी आणि 1970 च्या सुरुवातीला तांबं महागलं म्हणून बऱ्याच घरांत ती घातली गेली. करंट गेला की तार तापते आणि फुगते, बंद केलं की आकसते, आणि अॅल्युमिनियम हे तांब्यापेक्षा जास्त करतं. असं रोज होत राहिलं की स्विचच्या मागे स्क्रूखाली दाबलेलं टोक हळूहळू सैल होतं, त्यात अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो आणि तो वीज नीट जाऊ देत नाही, मग तेवढ्या जोडापाशी उष्णता साठते. बाहेरून स्विच चालू, पंखा चालू, सगळं ठीक. आत भिंतीत मात्र जोड काळा पडत असतो. कंपनी घाबरते ती या न दिसणाऱ्या जोडाला. जुने फ्यूज बॉक्स, अर्थिंग नसणं, एका सॉकेटवर चार मल्टिप्लग याचंही तेच. लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासणी करून घ्या, जे बदलायचं ते बदला आणि त्याचं सर्टिफिकेट अर्जासोबत लावा. पैसे थोडेच असतील तर मी तरी सगळ्यात आधी इथेच घालीन, इन्शुरन्स मिळो न मिळो, कारण आत झोपणारी माणसं तुमची आहेत.

पाण्याच्या पाइपचंही तसंच. अमेरिकेत 1978 ते 1995 च्या काळात पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लास्टिकचे पाइप खूप वापरले गेले, पुढे ते आतून ठिसूळ होऊन फुटायला लागले, आणि आजही तिथल्या कंपन्या ते पाइप आहेत म्हटलं की मागे सरतात. भिंतीवरची ओल लपवायला नुसता रंग मारू नका, इन्स्पेक्शनला येणारा माणूस ओल मोजायचं मीटर लावू शकतो.

जुने क्लेम हे दुसरं मोठं कारण, आणि यात लोकांना एक गोष्ट माहीतच नसते की क्लेमचा इतिहास माणसाचा असतो तसा घराचाही असतो. अमेरिकेत क्लू नावाचा रिपोर्ट असतो, त्यात साधारण मागच्या 7 वर्षांचे क्लेम दिसतात, आणि तुम्ही घर नवीनच घेतलं असलं तरी आधीच्या मालकाने पाणी शिरल्याचे दोन क्लेम केले असतील तर ते त्या घराच्या नावावर असतातच. तिथे अशा रिपोर्टमुळे नकार आला तर कंपनीला ते कळवावं लागतं आणि 60 दिवसांच्या आत तो रिपोर्ट तुम्हाला फुकट मागता येतो. मागाच, आणि ओळ न् ओळ वाचा. चुकीची नोंद असेल तर हरकत घ्या. जिथे असा रिपोर्ट नाही तिथे घर घेतानाच विकणाऱ्याला विचारा की मागच्या काही वर्षांत काय काय क्लेम झाले, आणि ते लेखी घ्या. आणि किरकोळ नुकसानीचे क्लेम करताना विचार करा, डिडक्टिबलपेक्षा (म्हणजे नुकसानीतला जो पहिला हिस्सा आपणच भरायचा असतो त्यापेक्षा) नुकसान थोडंसंच जास्त असेल तर तो क्लेम पुढे महागात पडू शकतो.

घर बंद असणं हेही कारण होतं. बऱ्याच पॉलिसीत 30 किंवा 60 दिवस घर सलग रिकामं राहिलं की कव्हर कमी होतं किंवा बंदच होतं, कारण नळ फुटला तर बघायला कुणी नसतं. तसंच घरात धंदा सुरू केला, खोल्या पाहुण्यांना भाड्याने दिल्या, कुंपणाशिवाय स्विमिंग पूल आहे, कुत्रा आधी कुणाला चावलाय, हे सगळं विचारलं जातं. इथे पॉलिसीचा प्रकारच बदलावा लागतो, साधी घराची पॉलिसी मागत राहून उपयोग नाही.

काही नकार तर निव्वळ फॉर्ममुळे येतात. विम्याची रक्कम म्हणून घराचा बाजारभाव टाकतात, त्यात जागेची किंमतही येते, खरं तर टाकायचा असतो घर पुन्हा बांधायचा खर्च. मालकीच्या कागदावर नाव एक आणि अर्जावर दुसरं, किंवा वाढीव बांधकाम नकाशात नाही. हे दुरुस्त व्हायला वेळ लागतो पण होतं.

आणि मग येतो तो नकार ज्यात तुमची काहीच चूक नसते. पुराची जागा, वणव्याचा पट्टा, समुद्रकाठ, किंवा कंपनीने त्या भागात आधीच इतक्या घरांना इन्शुरन्स दिलाय की एका आपत्तीत सगळे क्लेम एकदम येतील. मे 2023 मध्ये स्टेट फार्म या अमेरिकन इन्शुरन्स कंपनीने कॅलिफोर्नियात घरांचे नवीन अर्ज घेणंच थांबवलं, त्यात चांगल्या ठेवलेल्या घरांचे मालकही अडकले. अशा वेळी कंपनीशी भांडण्यात दिवस घालवू नका, अनेक कंपन्यांचं काम करणारा ब्रोकर गाठा. तुमच्या भागात शेवटचा आधार म्हणून सरकारी पाठबळाची किंवा कंपन्यांनी मिळून चालवलेली योजना आहे का ते बघा. कॅलिफोर्नियात 1968 पासून फेअर प्लॅन आहे, ब्रिटनमध्ये पुराच्या घरांसाठी 2016 पासून फ्लड री आहे, पण ती 1 जानेवारी 2009 पासून पुढे बांधलेल्या घरांना मिळत नाही. फेअर प्लॅन मुख्यतः आगीसारख्या मोजक्या गोष्टी कव्हर करतो, म्हणजे चोरी, पाणीगळती वेगळं बघावं लागतं.

एक कळकळीची विनंती, नकाराला कंटाळून फॉर्ममध्ये खोटं लिहू नका. छपराचं वय कमी सांगून पॉलिसी मिळेलही, हप्ते भरालही, पण घर जळाल्यावर सर्व्हेअर येतो तेव्हा जुनी बिलं, जुने फोटो सगळं निघतं आणि क्लेम नाकारला जाऊ शकतो. तेव्हा घरही गेलेलं असतं आणि भरलेले हप्तेही.

पुन्हा अर्ज करताना फॉर्मसोबत एक पानाचं पत्र जोडा: आधी कुणी, कधी, कुठल्या कारणाने नाकारलं, त्यावर काय काम केलं, कुणी केलं, बिल आणि सर्टिफिकेट सोबत. तरी कंपनी कचरत असेल तर जास्त डिडक्टिबल घ्यायची तयारी दाखवा, किंवा विचारा की ती एक गोष्ट वगळून बाकीचं कव्हर द्याल का. हे सगळं चालू असताना जुनी पॉलिसी असेल तर तिची शेवटची तारीख लिहून ठेवा, नवीन पॉलिसीचा कागद हातात येईपर्यंत ती बंद करू नका आणि हप्ता चुकवू नका, कारण मध्ये खंड पडला तर तोही पुढचा प्रश्न होतो, आणि घरावर कर्ज असेल तर बँक स्वतःच इन्शुरन्स काढून त्याचे पैसे तुमच्याकडून घेऊ शकते, तो सहसा महाग असतो आणि बँकेचं कर्ज वाचवतो, तुमचं सामान नाही.