तोंडावरचे मुरूम अन् आपलं खाणं: या चुका टाळा

पोरीच्या तोंडावर मुरूम दिसले की आपल्याकडे सगळ्यात आधी ठेचा बंद होतो, मग अंडी, मग वांग्याची भाजी, "गरम पडते, नको खाऊ" असं घरातली प्रत्येक बाई सांगते, पोरगी बिचारी फिकं वरण-भात खात बसते, पण दिवसातून चार-पाच वेळा गोड चहा अन् सोबत टोस्ट नाहीतर बिस्किटचा पुडा तसाच सुरू. गडबड इथंच आहे. मिरचीनं मुरूम येतात याला पक्का पुरावा नाही, साखर-मैद्याचा संबंध मात्र अभ्यासात दिसला आहे.

साखर, मैदा असं झटकन पचणारं खाल्लं की रक्तातली साखर भर्रकन चढते, ती उतरवायला शरीर जास्त इन्सुलिन सोडतं, त्यासोबत आयजीएफ-1 नावाचं हार्मोन वाढतं, अन् मग चामडीतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. तेल अन् मेलेल्या पेशी मिळून छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात, सूज येते. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर कंदमुळं, फळं, नारळ, मासे खाऊन राहणाऱ्या 1200 लोकांना तपासलं तर एकालाही मुरूम नव्हते, 2002 मध्ये हे छापून आलं. याला दुसरीही कारणं असू शकतात, पण खाण्याकडे बघायला पाहिजे एवढं तर नक्की.

आता चहाचा हिशोब करा. एका कपात दोन चमचे म्हणजे साधारण 8 ते 10 ग्रॅम साखर, पाच कप झाले की 40 ते 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, अन् 25 च्या आत राहिली तर जास्त चांगलं. म्हणजे नुसत्या चहातच कोटा संपला, बसस्टँडवरचं कोल्ड्रिंक अन् लग्नातली बुंदी अजून मोजलीच नाही. कप दोनवर आणा, साखर अर्धी करा.

दुसरी चूक म्हणजे जेवणच सोडणं. आपल्याकडे पोरींमध्ये रक्त कमी असणं आधीच खूप आहे, त्यात हे केलं तर चक्कर येऊन पडायची वेळ येते. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, वर जवसाची चटणी, हे पोटभर खा ना! भंडारा-गोंदियाकडे भात सुटणार नाही, सुटायची गरजही नाही, फक्त भाताचा डोंगर कमी करून वरण-भाजी वाढवा. उपासाच्या दिवशी साबुदाणा, आलूचा चिवडा अन् गोड चहा याच्यावर दिवस काढू नका, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यापेक्षा फल्लीदाणे, ताक, एखादं फळ बरं. संत्रं सोलून फोडी खा, साखर घातलेला रस नको, अन् सालीची पावडर तोंडाला घासू नका, चामडी जास्त चिडते.

दुधाचं म्हणाल तर काही अभ्यासांत संबंध दिसला आहे, पण वाढत्या लेकरांचं दूध लगेच तोडू नका. जिमला जाणारे पोट्टे जो व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधातूनच काढलेल्या प्रोटीन पावडरचा, डबा आणतात तो मात्र महिना-दोन महिने बंद करून बघावा, त्यानं मुरूम वाढलेले बऱ्याच जणांत दिसले आहेत. बी-12 चे डोस घेऊनही कोणाकोणाला असे फोड येतात, डॉक्टरला सांगा.

"पंधरा दिवस साखर सोडली, काहीच फरक नाही" असं म्हणून लोक परत चालू करतात. इतक्यात कसा दिसेल? ऑस्ट्रेलियात 2007 मध्ये छापलेल्या अभ्यासात पोरांना 12 आठवडे साखर हळू चढवणारं जेवण दिलं, तेव्हा त्यांचे मुरूम दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले. तीन महिने धरून चाला.

तरी फरक नसेल तर मग खाण्यावरच खापर फोडू नका. कपाळावर चोपडलेलं तेल बघा. पोरीची पाळी दोन-दोन महिने येत नाही का, हनुवटीवर जाड केस आहेत का, मान काळी मखमली झाली आहे का ते बघा. ती मान काही मळानं काळी होत नाही, कित्येक आया दगडानं घासतात अन् लेकराला रडवतात, ते बहुतेक वेळा इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असतं, घासून जाणार नाही. पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी मागंपुढं होण्याचा आजार, असू शकतो, आधी पीएचसीत दाखवा.

अन् सगळ्यात घातक, मेडिकलमधून "गोरं करणारी, मुरूम घालवणारी" म्हणून आणलेली ट्यूब. बऱ्याच ट्यूबमध्ये बीटामेथासोनसारखं स्टिरॉईड असतं, आधी तोंड साफ दिसतं, मग चामडी पातळ होते, लाल होते अन् मुरूम दुप्पट येतात, तिथं कोणतंच पथ्य कामाचं नाही. कधीपासून लावत आहात ते स्किनच्या डॉक्टरला ट्यूब दाखवून सांगा. जिल्हा रुग्णालयातून आयसोट्रेटिनॉइनची गोळी लिहून दिली तर ती चांगली काम करते, पण नवीन लग्न झालेल्या पोरींनी नीट ऐका: गोळी चालू असताना अन् बंद केल्यावर एक महिना दिवस राहता कामा नये, बाळात व्यंग येऊ शकतं, अन् सोबत व्हिटॅमिन ए च्या गोळ्या तर अजिबात खायच्या नाहीत.