जुन्या रॅलेचं वय मागच्या चाकात

आजोबांची रॅले सायकल माळ्यावरून उतरवली की आधी रंगाचा डबा आणू नका. सायकल इंग्लंडहून आलेली, तीन गिअरची असेल तर मागच्या चाकाचा हब (चाकाचा मधला तुंबा) चिंधीला रॉकेल लावून पुसा. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गिअरच्या एडब्ल्यू हबवर साल आणि महिना ठोकलेला असतो: ‘५८ ६’ म्हणजे जून १९५८. अर्थात चाक नंतर बदललेलं असू शकतं, त्यामुळे हा आकडा पुरावा नव्हे, अंदाज. आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातल्या साध्या, बिनगिअरच्या सायकलींना ही युक्ती चालत नाही. तिथे हँडलखालचा बिल्ला वाचा.

खरी कसोटी कॉटर पिनची, म्हणजे पेडलचा दांडा (क्रँक) आसाला पक्का धरणाऱ्या पिनेची. घाईत हातोडा घातला की पिनेचे आटे चेपतात आणि पिन तिथेच रुतून बसते. माझ्या तशा दोन वाया गेल्यात. रात्रभर तेल मुरू द्या, नट पिनेच्या टोकाशी सपाट येईपर्यंत सैल करा, क्रँकखाली जाड पाइपचा टेकू द्या, पिनेचं डोकं पाइपच्या पोकळीत येईल असा. मग एकच दणका, चांगला जोरात. टकटक करत बसू नका.

निकेलवरचा वरवरचा गंज स्वयंपाकघरातल्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला तर निघतो. काळ्या रंगावरच्या सोनेरी रेघांना मात्र पॉलिश पेपर लावू नका. आणि तळाचे कप (पेडलच्या आसाचे बेअरिंग धरणारे) फिरवण्याआधी लक्षात ठेवा, रॅलेचे आटे इंचाला २६, इतरांचे बहुधा २४. बाजारातला कप जबरदस्तीने बसवलात तर फ्रेमच गेली.