सुजलेल्या खांद्याला विसावा कसा मिळतो

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी खांदेमळणी असे. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्यावर हळद आणि तूप चोळताना वडील बोटांनी चाचपून पाहत: कातडे कुठे निबर झाले आहे, गाठ कुठे आहे, कुठे हात लागताच जनावर अंग चोरते. एखाद्याचा खांदा सुजलेला निघाला, तर ते बैलाला बोल लावत नसत. भिंतीला टेकवलेले जू आडवे करून त्याच्या खालच्या अंगावरून तळहात फिरवत, आणि खडबड लागलीच तर पोळा उलटताच ते जू सुताराकडे जाई.

हे आठवण्याचे कारण असे, की विसाव्याविषयीचे येशूचे जे वचन ख्रिस्ती घरांतील कॅलेंडरांवर हमखास छापलेले असते, त्यातही जू आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायाच्या शेवटी तो ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो’ अशी हाक घालतो, विसावा देईन म्हणतो, आणि लगेच माझे जू आपणांवर घ्या असेही सांगतो. थकलेल्याला आणखी जू देणे हा उपाय विचित्र वाटतो, म्हणूनच बहुधा आपण पहिले वाक्य पाठ करतो आणि दुसरे सोडून देतो. परंतु मराठी बायबलात त्या जुवाला ‘सोयीचे’ म्हटले आहे, आणि मूळ ग्रीक शब्दात भलेपणाचा, अंगाला मानवण्याचा भाव आहे. येशू सुतारकाम करताना नांगर आणि जू घडवीत असे, असे दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर याने लिहून ठेवले आहे. जू कुठे काचते हे हाताने जाणणाऱ्याचे ते बोलणे आहे, असे समजून पुढची कृती करावी.

सुरुवात ओझे चाचपण्यापासून करावी. एका रात्री जेवणखाण आटोपल्यावर वही घेऊन बसावे आणि छातीवर जे जे बसले आहे ते एकेका ओळीत लिहावे. ‘टेन्शन आहे’ एवढेच लिहू नये. सोसायटीचे कर्ज किती, हप्ता कोणत्या महिन्यात, आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन, सुरतला कामाला गेलेल्या मुलाचा न येणारा फोन, वादळात आडवी झालेली केळी, असे नावानिशी लिहावे. मग प्रत्येक ओळीपुढे, हे ओझे कोणी उचलायचे आहे, असा प्रश्न मांडावा. येशूचा प्रेषित पौल याने गलतीकरांस लिहिलेल्या, बायबलातील पत्राच्या ६व्या अध्यायात दुसरे वचन एकमेकांची ओझी वाहा असे सांगते आणि पाचवे वचन प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहावा असे सांगते, तेव्हा वाचणारा गोंधळतो. मूळ भाषेत मात्र दोन वेगळे शब्द आहेत: ‘बारोस’ म्हणजे दाबून टाकणारे वजन आणि ‘फोर्तिओन’ म्हणजे ज्याचे त्याने न्यायचे सामान. कापूस वेचणारीची ओटी तिची तिलाच भरावी लागते, पण संध्याकाळी बांधलेले गाठोडे डोक्यावर चढवायला शेजारच्या पातेवरची बाई हात लावते. येशू माझे ओझे हलके आहे म्हणतो, तिथे हा दुसरा, ओटीचा शब्द आहे.

वहीत या दोन्हींत न बसणाऱ्या ओळीही निघतील. पाऊस केव्हा पडेल, घड कापायला येतील त्या आठवड्यात केळीला भाव काय निघेल, गेलेले माणूस का गेले, भाऊबंद काय म्हणतील, यांतले काहीच माणसाने उचलण्याजोगे नाही, तरी रात्री झोप तेच खाते. पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:७) आपली सर्व चिंता त्याच्यावर, म्हणजे देवावर, टाका असे आहे. तिथले ‘टाकणे’ हे क्रियापद नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येते, यरुशलेमेला निघालेल्या येशूसाठी शिष्य शिंगराच्या पाठीवर आपली वस्त्रे टाकतात तिथे. म्हणजे ही निव्वळ मनातली कल्पना नसून एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर सामान देण्याची क्रिया आहे, आणि ती तशीच करावी: ओळीवर बोट ठेवावे, ती मोठ्याने वाचावी, आणि ‘प्रभू, हे तुझ्याकडे’ एवढे म्हणून पुढच्या ओळीवर जावे. पहाटे तीच चिंता परत आलेली असते, माझी तर नेहमी येते. तेव्हा पुन्हा टाकावी. त्यात विश्वास कमी पडल्याची खूण शोधत बसू नये.

प्रार्थनेची भाषा हा आमच्याकडे उगाचच अडथळा होऊन बसतो. उपासनेत पाळक ‘हे परमदयाळू स्वर्गीय पित्या’ असे सुरू करतात, त्यामुळे घरी बसलेल्या माणसाला वाटते की तशी शुद्ध मराठी आली नाही तर बोलूच नये. अहिराणीत, मावचीत, लेवा गणबोलीत, जी बोली घरात भांडायला चालते त्याच बोलीत देवाशी बोलावे. ‘प्रभू, मी थकी गऊ’, म्हणजे मी थकलो, ही पूर्ण प्रार्थना आहे. शब्द सुचत नसतील तर बायबलातील स्तोत्रसंहिता उघडावी. १३वे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे आणि त्याच्या आरंभी ‘किती काळ’ हा प्रश्न चार वेळा येतो. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला शेवटी आशेची ओळ जोडलेली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवले गेले आहे. ज्याचा मुलगा गेला आहे त्याला ‘देवाने चांगल्यासाठीच केले असेल’ असे ऐकवणाऱ्यांपेक्षा हे स्तोत्र शंभर पटींनी प्रामाणिक आहे.

काही ओझे मात्र टाकून जात नाही, कारण ते चिंतेचे नसून अपराधाचे असते. भावाच्या वाट्याची बांधाकडची जमीन दाबलेली असते, दारूत बायकोचे दागिने गेलेले असतात, म्हाताऱ्या बापाशी बोललेला शब्द परत घेता येत नाही. इथे ख्रिस्ती विश्वासाचे सांगणे सरळ आहे: आपण पाप पदरी घेतले तर देव क्षमा करतो (योहानाचे पहिले पत्र १:९), आणि त्या क्षमेची किंमत वधस्तंभावर चुकती झालेली आहे, नवस, उपास किंवा दानपेटीने ती पुन्हा भरायची नाही. मात्र जक्कय या जकातदाराची गोष्टही त्याच शास्त्रात आहे. त्याने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. तेव्हा देवापुढे कबुली दिल्यावर भावाच्या दारी जाऊन बांध मागे सरकवण्याची तयारी दाखवावी. ते जड जाते, पण त्या रात्रीची झोप वेगळी लागते.

शरीराला यातून वगळू नये. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली आडवा झाला (पहिले राजे, १९वा अध्याय), तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही; निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि उठवून पुन्हा खायला घातले. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना रात्री विजेच्या पाळीप्रमाणे बागेला पाणी देऊन दिवसा बाजाराची धावपळ करणाऱ्याची निराशा निम्मी तरी अपुऱ्या झोपेची असते. आणि जिथे आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न नको वाटते, जगणे नको वाटते, तिथे प्रार्थनेबरोबर डॉक्टर हवाच. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. एका सभेत गोळ्या बंद करून विश्वास दाखवा असे सांगणारा वक्ता मी स्वतः ऐकला आहे, आणि त्याचे ऐकणाऱ्या घराची पुढे झालेली फरफटही पाहिली आहे. असे सांगणाऱ्यापासून उठून जावे.

आता दिवसाविषयी. बायबलातील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायातील २१वे वचन म्हणते, नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही सातव्या दिवशी विसावा घे. देवाला हंगाम ठाऊक नव्हता अशातला भाग नाही, हंगामाचे नाव घेऊनच तो सांगतो. किलोवर वेचणी करणाऱ्या मजूर बाईला रविवारची पूर्ण मजुरी सोडणे परवडत नाही, तिला नियम दाखवून आणखी एक ओझे देण्यात अर्थ नाही. गावात बाजारच्या दिवशी काम बंद असेल तर तो धरावा. नाहीतर शनिवारी संध्याकाळपासून झोपेपर्यंतचा वेळ धरावा. त्या वेळात हिशेबाची वही उघडू नये, व्यापाऱ्याला फोन करू नये, सगळ्यांनी एकत्र जेवावे, एखादे भजन म्हणावे. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला मराठी वळणाची पदे दिली आहेत, ती पेटीशिवायही म्हणता येतात. घरातल्या बाईलाही हा विसावा मिळतो आहे ना, हे मुद्दाम पाहावे; पुरुषांनी बायबल वाचायचे आणि तिने चुलीपुढे दहा माणसांच्या कळण्याच्या भाकरी थापायच्या, याला शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, म्हणत नाहीत; बायबलातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात दास, दासी, बैल आणि गाढवालाही तो दिवस दिलेला आहे.

गाठोड्याला हात लावून घेणे आमच्या लोकांना सर्वांत अवघड जाते. प्रार्थनेची विनंती विचारली की ‘घरासाठी प्रार्थना करा’ एवढेच सांगून आपण खाली बसतो. मंडळीतील, म्हणजे आपल्या चर्चमधील, एकच विश्वासू माणूस निवडावा, ज्याच्या तोंडून दुसऱ्याचे गुपित कधी ऐकलेले नाही असा, आणि त्याच्याकडे नेमके मागावे: मंगळवारी बँकेत माझ्यासोबत चला, आईजवळ दवाखान्यात एक रात्र बसा, आठवडाभर रोज संध्याकाळी फोन करा. मंडळी जवळ नसेल किंवा आपण ख्रिस्ती नसाल, तरी पाळकाला किंवा ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाला एवढे मागायला हरकत नाही.

वहीचे ते पान मी बायबलात घडी घालून ठेवतो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा उघडतो. काही ओळींवर काट मारली जाते, काही तशाच राहतात. वडिलांच्या आजारपणाची ओळ सात महिने राहिली होती, आणि त्यांतल्या बहुतेक शनिवारी ती वाचायला शेजारी दुसरे कोणीतरी बसलेले होते.