सागवनात कॅमेरा घेऊन: जुन्या झाडांचे फोटो कसे काढावेत

जंगलात डोळ्यांना जे भरगच्च वाटतं, त्याचं फोटोत गचपण होतं. म्हणून झाडांच्या फोटोत मुख्य काम वगळण्याचं. कन्नडजवळचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य यासाठी उत्तम. किनवटच्या सागवनातही हीच रीत चालते.

वेळ

हे पानगळीचं जंगल. सप्टेंबर-ऑक्टोबरात हिरवाई दाट, पण खोडं झाकलेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडत जातात, पळस फुलतो आणि कांडोळाचं पांढरट खोड लांबूनच नजरेत भरतं. झाडाची ठेवण टिपायची तर हेच दिवस बरे. सूर्योदयानंतरचा पहिला तास किंवा ढगाळ हवा गाठा. ऊन वर चढलं की कवडसे पडतात. उजेडाचे ठिपके पांढरे फुटतात, सावल्या काळ्या पडतात, आणि संगणकावरही ते पुरतं सावरत नाही.

प्रवेशाची वेळ आणि परवानगी वनखात्याच्या नाक्यावर आधीच विचारा. ड्रोन घरीच ठेवा.

चालणं

सागाचा वाळलेला पाचोळा पापडासारखा वाजतो. पायवाटेवरून किंवा कोरड्या नाल्याच्या वाळूतून चाला. बिबट्याचा वावर असतो, तेव्हा जोडीला कुणीतरी हवंच. गप्पा मात्र नाक्यावरच संपवा. उंच फांदीवर आग्या मोहोळ दिसलं तर लांबूनच वळसा घ्या. फ्लॅश, अत्तर, विडीकाडी यातलं काहीच नको. उन्हाळ्याच्या तोंडावर एका ठिणगीनं वणवा लागतो.

चौकट

एकच झाड निवडा आणि त्याच्याभोवती डावी-उजवीकडे दोन-दोन पावलं सरकून बघा. मागची खोडं त्याच्यावर चढू नयेत, मध्ये फट दिसावी. पानांतून डोकावणारं पांढरं आकाश चौकटीबाहेर ठेवा, नजर तिकडेच धावते. बुंधा आणि मुळं कापू नका. रुंद लेन्सचा मोह सगळ्यांनाच होतो, पण ५० ते १०० मिमीची लेन्स जंगलात जास्त कामाची, कारण ती पसारा कमी करते. कॅमेऱ्याचं तोंड वर केलं की खोडं मागे कललेली दिसतात. तो छातीच्या उंचीवर सरळ ठेवा आणि मागे सरका.

कॅमेरा

ट्रायपॉड, आयएसओ (उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११, दोन सेकंदांचा टायमर. फोकस मुख्य खोडाच्या सालीवर. सालईचे सुटलेले पापुद्रे त्यासाठी फार सोयीचे. पहाटेच्या उजेडात शटर अर्ध्या सेकंदापर्यंतही उघडं राहील. खोड स्थिर राहतं, पण वाऱ्यानं पानं पुसट होतात. तसं झालं तर आयएसओ ८०० करून शटर आठपट वेगवान करा. पावसाळ्यात ओल्या पानांची चमक मारायला पोलरायझर फिल्टर लावा. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), हे धरून चाला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगछटेची सेटिंग, ऑटोवर नको, सकाळचा पिवळसरपणा तो धुऊन टाकतो. ५५०० केल्विनच्या आसपास पक्का करा.

मोबाइल असेल तर दुप्पट झूमची लेन्स वापरा, खोडावर बोट दाबून फोकस पक्का करा आणि उजेड थोडा खाली ओढा.

ट्रायपॉड उचलण्याआधी पडद्यावर फोटो मोठा करून बुंधा आणि शेंड्याची एक फांदी तपासा. शेंडा हललेला दिसला तर वारा पडू द्या आणि पुन्हा घ्या.