स्पीकरची वायर बदलण्याआधी या चुका टाळा

आधी माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. ऐरोलीत खाडीच्या बाजूच्या इमारतीत राहायला आलो. तिसऱ्या पावसाळ्यानंतर डावा स्पीकर मधूनच खरखरायला लागला, मधूनच गप्प बसायला लागला. मी थेट महागडी केबल आणली. आवाज असा मोकळा झाला की दोन महिने येईल त्या पाहुण्याला केबलचं कौतुक ऐकवलं. मग एकदा माळ्यावरून जुनी वायर काढली. टोकं हिरवीगार. इंचभर कापून टाकली, आतलं लालसर तांबं सोललं आणि सहज जोडून पाहिली. आवाज तोच! पैसे मोजले होते ते त्या हिरव्या इंचापायी.

तर पहिली गोष्ट, टोकं बघा. आपल्याकडच्या खारट, दमट हवेत उघडं तांबं काळवंडतं, मग हिरवं पडतं आणि जोड सैल पडल्यासारखा वागतो. पावसाळा सरला की अँप (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) बंद करून टोकं कापा, नव्याने सोला, तारांना पीळ द्या आणि स्क्रू घट्ट आवळा. एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकता कामा नये. तेवढ्याने अँप प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो, आणि जुन्या अँपचं आउटपुटही उडू शकतं. नवी वायर घेणारच असाल तर कल्हई केलेल्या तांब्याची बघा. बोटींवर तीच वापरतात, ते उगीच नाही.

दुसरी चूक जाडीची, आणि खरा फरक इथेच पडतो. घोडबंदर रोडवर एका मित्राने नवा फ्लॅट सजवताना पीओपीच्या आतून अर्ध्या स्क्वेअर एमएमची वायर टाकून घेतली, स्पीकरपर्यंत 10 मीटर. वीज जाते आणि परत येते, म्हणजे तार झाली 20 मीटर. तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जवळपास 0.7 ओहम. स्पीकर 4 ओहमचा. अडीचची वायर असती तर हाच रोध 0.14 भरला असता. नुसता आवाज कमी झाला असता तर व्हॉल्यूम वाढवून भागलं असतं. पण स्पीकरवर 4 ओहम लिहिलेलं असलं तरी त्याचा रोध सुरागणिक बदलतो. जिथे तो कमी, तिथे वायर जास्त खाते. जिथे जास्त, तिथे कमी. म्हणजे आवाजाचा पोतच बदलतो, आणि बेस सैल, फुगल्यासारखा होतो. ढोबळ हिशेब असा: जाऊन-येऊन वायरचा रोध स्पीकरच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवा. हॉलमधल्या तीन-चार मीटरला दीडची वायर पुष्कळ झाली. आणि इलेक्ट्रिशियन स्पीकरची वायर विजेच्याच पाइपातून ओढायला निघाला तर तिथेच थांबवा. 230 व्होल्टच्या शेजारी ती नको.

जाडी बरोबर घेऊनही फसता येतं. स्टेशनजवळच्या दुकानातून मी एकदा ‘शुद्ध तांबं’ छापलेलं बंडल आणलं. हातात घेतलं तेव्हाच हलकं वाटलं होतं, तरी घेतलं. घरी ब्लेडने एक तार खरवडली, तर आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! अशा वायरीचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपट धरा. कल्हईवालीशी गल्लत करू नका: ती बाहेरून पांढरी, आतून तांबूस. राहता राहिलं ऑक्सिजन-फ्री, म्हणजे ऑक्सिजन जवळपास काढून टाकलेल्या तांब्याचं कौतुक. विजेच्या साध्या वायरीतल्या तांब्यापेक्षा ते जेमतेम टक्काभर चांगलं वाहक. त्यासाठी दसपट पैसे मी तरी देणार नाही.

एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली की मात्र भल्याभल्यांना वाटतं, केबल बेकार आहे. बेस गायब होतो आणि गाणारा समोर बसत नाही, भिंतींतून गातो. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसून जुनं मोनो गाणं लावा, म्हणजे दोन्हीकडून एकच आवाज येणारं. आवाज नाकासमोरून आला पाहिजे. नाही आला तर अँपकडची टोकं सोडवा आणि 1.5 व्होल्टचा सेल त्यांना क्षणभरच टेकवा, लाल टोकाला प्लस. वूफरचा (बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी.

एचडीएमआय आणि ऑप्टिकल या डिजिटल केबलने आवाज गोड होत नाही. तो एकतर येतो, नाहीतर तुटतो.

उरली ती स्पीकरमधून सतत येणारी घूं. वाशीत आमच्या ओळखीच्या काकांनी त्यापायी दोनदा आरसीए केबल (उपकरणातून अँपला आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या) बदलल्या. ही घूं 50 हर्ट्झची, घरातल्या विजेची. दोन उपकरणांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी जुळलं की ती सिग्नलच्या केबलमधून फिरत राहते. प्लगची जाड पिन काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे, तो जिवाशी खेळ आहे. मी सेट-टॉप बॉक्सला आलेली गच्चीवरच्या डिशची केबल उपटली, आणि घूं एकदम थांबली. पुढे सगळी उपकरणं एकाच बोर्डवर आणली, डिशच्या केबलला एक आयसोलेटर, म्हणजे अर्थिंगची वाट तोडणारा जोड, लावला. पण केबल उपटली त्या क्षणी काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, “अहो, बंद पडला की काय? आवाज येईना!”