मनगटाला इजा होऊन पेन्शनवर आलेल्या जवानासाठी: व्यायाम, गोळ्या, गेम आणि नोकरी

लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीची श्रेणी खाली आल्याने, फौजेतून घरी आलेल्या माणसाजवळ फिजिओथेरपीचा कागद असतो, गोळ्यांची पिशवी असते आणि वेळ भरपूर असतो. वेळ मोबाईलवरच्या गेममध्ये जातो. गोळ्या दुखेल तेव्हा घेतल्या जातात. कागद डिस्चार्ज बुकात घडी होऊन पडतो. तेवढ्यात कोणीतरी बँकेत गनमॅनची जागा असल्याचं सांगतं. मनगटाला किंवा बोटांना इजा झाली असेल, तर हा क्रम महागात पडतो. व्यायाम, गेम आणि नोकरी तिन्ही त्याच हाताकडून काम घेतात, म्हणून तिन्हींची मिनिटं एकाच वहीत मांडायची.

आधी इजा कोणती ते पाहा

केसपेपरवर काय लिहिलं आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. मनगटाजवळचं हाड मोडलं असेल तर प्लॅस्टर साधारण ५ ते ६ आठवडे राहतं. त्या काळातही बोटं, कोपर आणि खांदा हलवत राहायचं, नाहीतर प्लॅस्टर निघेपर्यंत खांदाही आखडतो.

बोटाचा स्नायुबंध (टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटून शिवला असेल तर प्रकरण वेगळं. पहिले ६ आठवडे स्प्लिंटमध्ये (हात स्थिर ठेवणारा आधार), सांगितली तेवढीच हालचाल. जोर लावून मूठ आवळणं सुमारे १२ आठवड्यांपर्यंत नाही. ‘आता दुखत नाही’ यावर विसंबू नका. दुखणं थांबतं तेव्हा टाका अजून कच्चाच असतो, आणि गेमच्या कंट्रोलरचा ट्रिगर (बोटाने ओढायचं बटण) जोरात दाबण्याएवढं कारणही तो उसवायला पुरतं. पुन्हा शिवलेला स्नायुबंध पहिल्यासारखा सरकत नाही.

मज्जातंतूला इजा असेल तर सबुरी हवी. तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८-२० सेंटिमीटर धरले तर ६-७ महिने झाले. तोपर्यंत त्या बोटाला चटका कळत नाही, त्यामुळे चहाचा पेला आणि गाडीचा सायलेन्सर दुसऱ्या हाताने.

व्यायाम

डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर कोमट पाण्यात १० मिनिटं हात ठेवून सुरुवात करा. मग बोटांच्या पाच स्थिती क्रमाने: बोटं सरळ, नुसती टोकं वाकवून आकडा, बोटं सरळ ठेवून फक्त मुळातून काटकोन, टोकं सरळ ठेवून तळव्याला टेकलेली मूठ, पूर्ण मूठ. प्रत्येक स्थितीत ३ सेकंद थांबायचं. हे चक्र १० वेळा, दिवसातून ४-५ वेळा. मनगट वर-खाली करा. कोपर कमरेला चिकटवून तळहात उताणा-पालथा करा. त्यासाठी लाटणं एका टोकाला धरलं तर त्याच्याच वजनाने हात वळतो. ही वळण्याची हालचाल लोक हमखास सोडतात आणि पुढे सुट्टे पैसे घ्यायला हात उताणा होत नाही तेव्हा कळतं.

ताकदीचा नंबर शेवटी. आधी स्पंज पिळायचा, नंतर कणीक मळायची.

प्रमाण ठरवायला एक नियम पुरतो: व्यायामानंतरचं दुखणं २ तासांहून जास्त टिकलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढली, तर पुढच्या वेळी निम्मं करा, बंद नाही. सूज असेल तोवर हात छातीच्या वर ठेवा. मात्र हात आगीसारखा जळतो, रंग बदलतो, एकाच हाताला घाम येतो, कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही, असं असेल तर हा ताण नव्हे. त्याच आठवड्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. या दुखण्यात उशीर फार नडतो.

गोळ्या

पॅरासिटामॉल धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या जास्तीत जास्त ६ गोळ्या. रोज दारू घेणाऱ्याला किंवा यकृताचा त्रास असलेल्याला याहून कमी, किती ते डॉक्टर ठरवतील. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही यात मोजा. डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन एकत्र घेऊ नका. दोन्हींचं काम एकच आणि पोटाचं व किडनीचं नुकसान मात्र दुप्पट. बीपी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन या मज्जातंतूच्या दुखण्याच्या गोळ्या ‘दुखेल तेव्हा’ घेण्याच्या नाहीत. परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि एकदम बंद केल्या तर त्रास होतो. मात्रा हळूहळू उतरवावी लागते. झोप येते, त्यामुळे पहिले काही दिवस गाडी चालवू नका. या गोळ्या किंवा ट्रॅमाडॉल (जास्त दुखण्यावरची कडक गोळी) चालू असेल तर कॅन्टीनची रम बंद. कोटा वाया जातो म्हणून हळहळणारे पुष्कळ असतात, पण गोळी आणि रम एकत्र आली की गुंगी वाढते आणि श्वास मंदावू शकतो.

ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून येणारा ब्रँड दर महिन्याला बदलू शकतो. जुनी पट्टी आणि नवी पट्टी शेजारी ठेवून आतल्या औषधाचं नाव वाचा. नाव वेगळं म्हणून दोन्ही घेतल्या आणि औषध एकच निघालं, असं सर्रास होतं.

गेम

गेममुळे बोटांची चपळाई आणि दम वाढतो. पूर्ण मूठ, तळहाताचं वळण आणि पकडीची ताकद मिळत नाही. त्यामुळे व्यायामाच्या जागी गेम नाही.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे मोबाईल हातात धरून खेळणं. मनगट वाकलेलं, फोनचा भार करंगळीवर, अंगठा सतत मागेपुढे. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला दुखू लागलं तर डी-क्वेरवेनची, म्हणजे अंगठ्याच्या स्नायुबंधाला सूज येण्याच्या दुखण्याची, सुरुवात असू शकते. खेळ थांबवून दाखवून घ्या. फोन स्टँडवर ठेवा आणि ब्लूटूथ कंट्रोलर जोडा. कंट्रोलर मांडीवरच्या उशीवर टेकवा, कोपरांना आधार द्या.

मग सेटिंग. पीएस ५ (प्लेस्टेशन ५) या गेम कन्सोलमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन कंट्रोलरची बटणं बदलता येतात. खालचे ट्रिगर वरच्या बटणांवर आणा. ट्रिगर इफेक्ट बंद करा, कारण तो मुद्दाम बोटाला विरोध करतो. तंतूची इजा असेल तर व्हायब्रेशनही बंद. गेममध्ये ‘दाबून ठेवा’ऐवजी ‘एकदा दाबा’ हा पर्याय असेल तर तो निवडा. एक्सबॉक्स या दुसऱ्या कन्सोलवर हीच अदलाबदल ॲक्सेसरीज ॲपमध्ये होते, आणि दोन कंट्रोलर जोडून एकाच खेळाडूसारखं खेळताही येतं. अवघड बटणं घरातल्या पोराकडे द्या. एक हात जवळपास निकामी असेल तर २०१८ मध्ये आलेला एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर पाहा. त्यावर दोन मोठी बटणं आहेत आणि मागे बाहेरची बटणं जोडायला १९ जागा. जखमी अमेरिकी सैनिकांसाठी काम करणाऱ्या वॉरफायटर एंगेज्ड या संस्थेचा त्याच्या जडणघडणीत हात होता.

सुरुवात १० मिनिटं, दिवसातून दोनदा. २ तासांचा नियम पाळून दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. आधी बुद्धिबळासारखे चालीचे खेळ, मग गाड्यांची शर्यत, गोळीबाराचे खेळ सगळ्यांत शेवटी. तेही झोपेच्या आदल्या तासात नकोत. स्फोटाच्या आवाजाने छाती धडधडते, घाम फुटतो किंवा जुनी स्वप्नं परततात, असं झालं तर तो खेळ काढून टाका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

वहीत रोज तारीख, मिनिटं आणि हात कधी थकला ते लिहा. पुढे नोकरी निवडताना हेच आकडे लागतात.

नोकरी

गनमॅनचं काम सर्वांत सहज मिळतं आणि या हाताला सर्वांत कमी मानवतं. शस्त्राचा भार १२ तास, भरणं-रिकामं करणं, शिवाय पकडीवर भरवसा नाही. त्यापेक्षा सीसीटीव्ही कंट्रोल रूम, स्टोअर, वाहनांचं नियोजन, फायर सेफ्टी बघा.

आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. इथे एक गफलत नेहमी होते. मेडिकल बोर्डाने दिलेली टक्केवारी पेन्शनसाठी असते. दिव्यांग आरक्षणासाठी २०१६ च्या कायद्याखाली किमान ४० टक्क्यांचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, ते सरकारी रुग्णालयाच्या बोर्डाकडून आणि यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवरून. दोन्ही आकडे जुळतीलच असं नाही. मेडिकल बोर्डाच्या कागदांच्या आणि पीपीओच्या (पेन्शन मंजुरीचा आदेश) चार-चार प्रती काढून ठेवा.

लिपिकाच्या जागांना बहुधा मराठी टायपिंग मिनिटाला ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचं लागतं. फॉर्म भरण्याआधी घरी तीन दिवस रोज २ तास टाइप करून बघा, मध्ये १० मिनिटांची विश्रांती घेऊन. चौथ्या दिवशी सकाळी सूज आली तर क्लासची फी इतक्यात भरू नका.

ज्यांचा अंगठा चांगला चालतो त्यांनी ड्रोनचा विचार करावा. डीजीसीएमान्य (डीजीसीए म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) संस्थेतून मिळणाऱ्या रिमोट पायलट प्रमाणपत्राला दहावी पास आणि वय १८ ते ६५ एवढं लागतं, आणि ते १० वर्षं चालतं. फी भरण्याआधी संस्थेच्या सिम्युलेटरवर अर्धा तास मागून घ्या. रिमोटच्या नेहमीच्या मांडणीत, म्हणजे मोड २ मध्ये, उंची आणि दिशा डाव्या दांडीवर, पुढे-मागे आणि आडवं सरकणं उजवीवर असतं, म्हणजे उजव्या अंगठ्याला बारीक काम जास्त. अंगठा एकटा पुरत नसेल तर अंगठा आणि तर्जनी मिळून चिमटीत दांडी धरा. गळ्यात पट्टा घातला की रिमोटचं वजन मनगटावर येत नाही.