विज्ञानकथा मालिकेचा हंगाम उभारताना या चुका टाळा

विज्ञानकथेवर आधारलेल्या मालिकेचा एखादा हंगाम फसला की दोष पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींना दिला जातो. अंतराळयान खोटे वाटले, परग्रहवासीयाचा चेहरा रबरी दिसला, शेवट घाईत उरकला, अशा तक्रारी होतात. या तक्रारींचे मूळ शोधत गेले तर ते चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसाच्या कितीतरी आधी घेतलेल्या, किंवा घ्यायच्या राहून गेलेल्या, निर्णयांत सापडते. कौटुंबिक मालिकेत एकेका भागाचा विचार करत पुढे जाणे निभावून जाते, कारण दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि रस्ता कोणाला नव्याने कल्पावा लागत नाही. विज्ञानकथेत दार कसे उघडते इथपासून सगळे घडवावे लागते आणि घडवलेली प्रत्येक वस्तू पैसा व वेळ मागते. म्हणून भाग नव्हे तर संपूर्ण हंगाम हेच निर्मितीचे एकक मानले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

या दृष्टीने अभ्यासण्यासारखी मालिका म्हणजे अमेरिकेतली ‘बॅबिलॉन ५’. तिचा पायलट, म्हणजे मालिका सुरू होण्याआधीचा नमुना भाग, १९९३ मध्ये दाखवला गेला आणि जानेवारी १९९४ ते नोव्हेंबर १९९८ या काळात पाच हंगामांत ११० भाग झाले. त्यांपैकी ९२ भाग तिचे निर्माते जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी स्वतः लिहिले. या मालिकेने जे नेमके साधले आणि जिथे तिला किंमत मोजावी लागली, ते दोन्ही नव्या निर्मात्याच्या उपयोगाचे आहे.

शेवट नंतर ठरवू, असे म्हणणे

आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांमध्ये त्या दिवशीची दृश्ये त्याच सकाळी सेटवर येण्याची सवय रुळलेली आहे. कलाकारही ती सांभाळून घेतात. विज्ञानकथेत ही सवय घातक ठरते. तिसऱ्या भागात सहज दाखवलेले यंत्र दहाव्या भागातले संकट चुटकीसरशी सोडवू शकत असेल, तर दहावा भाग लिहिणाऱ्याचे हात बांधले जातात आणि प्रेक्षक विचारतो की ते यंत्र आता का वापरत नाहीत. निदान हंगामाचा शेवट, मधले दोन-तीन मोठे वळणबिंदू आणि प्रत्येक मुख्य पात्राचा प्रवास कागदावर पक्का झाल्याशिवाय पहिल्या भागाची पटकथा अंतिम करू नये.

‘बॅबिलॉन ५’चे कथानक पाच वर्षांसाठी आधीच आखलेले होते. मात्र आखणी म्हणजे सिमेंटचा ओटा नव्हे, हेही तिथे लक्षात ठेवले होते. कलाकार आजारी पडतात, करार मोडतात, त्यांना दुसरीकडे काम मिळते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी कथेतून बाहेर पडण्याची एक वाट आधीच विचारात घेतलेली होती. पहिल्या हंगामानंतर प्रमुख भूमिकेतले मायकेल ओ’हेअर मालिकेतून बाहेर पडले आणि दुसऱ्या हंगामापासून ब्रूस बॉक्सलायट्नर नवा नायक म्हणून आले. तरीही पहिल्या हंगामात पेरलेले कालप्रवासाचे धागे वाया गेले नाहीत. तिसऱ्या हंगामातल्या दोन भागांच्या कथेसाठी ओ’हेअर परत आले आणि ते धागे तिथे जुळले. पायलटमधली टेलिपाथ, म्हणजे दुसऱ्याचे मन वाचू शकणारे पात्र, पुढे मालिकेत राहिली नाही, तिच्या जागी दुसरी आली, आणि ती दुसरीही गेली तेव्हा पहिलीला परत आणता आले.

खरी अडचण चौथ्या हंगामात आली. ज्या वितरण-जाळ्यावर मालिका चालू होती तेच डळमळीत झाले आणि पाचवा हंगाम होईल की नाही हे कळेना. त्यामुळे पुढे न्यायचे मोठे संघर्ष चौथ्या हंगामातच आटोपले आणि मालिकेचा अखेरचा भागही चित्रित करून ठेवला. मग टीएनटी या वाहिनीने पाचवा हंगाम घेतला. तयार असलेला शेवट बाजूला ठेवून चौथ्या हंगामासाठी वेगळा समारोप लिहावा लागला आणि जपून ठेवलेला तो भाग नोव्हेंबर १९९८ मध्ये सर्वांत शेवटी दाखवला गेला. पाचव्या हंगामाचा पूर्वार्ध मला विरळ वाटतो, आणि त्याचे कारण लेखनशक्ती कमी पडली हे नसून दाणागोटा आधीच संपला होता हे आहे. यावरचा उपाय साधा आहे. कथानकाच्या फळ्यावर ‘याच हंगामात संपलेच पाहिजे’ आणि ‘पुढे नेता येईल’ असे दोन रकाने ठेवावेत, आणि दुसऱ्या रकान्यातल्या कोणत्याही गोष्टीवर या हंगामाचे समाधान अवलंबून राहू देऊ नये.

जगाचे नियम लेखकाच्या डोक्यातच ठेवणे

मूळ ‘स्टार ट्रेक’च्या दुसऱ्या पायलटमध्ये मालिकेचा नायक कॅप्टन कर्क याच्या नावाचा एक थडग्याचा दगड दिसतो. त्यावर ‘जेम्स आर. कर्क’ असे कोरलेले आहे. पुढे सगळी मालिका त्याला ‘जेम्स टी. कर्क’ म्हणते. नियमांची वही आधी तयार नसली की असे होते आणि मग ती चूक कायमची पडद्यावर राहते. त्या मालिकेने लेखक-दिग्दर्शकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका तयार केली होती. पात्रांनी आपली रोजची यंत्रे एकमेकांना समजावून सांगत बसू नये, ही त्यातली सूचना आजही जशीच्या तशी लागू पडते.

अशी वही लिहिताना आकाशगंगेचा हजार वर्षांचा इतिहास लिहिण्याचा मोह आवरावा. वहीत हवी ती कलादिग्दर्शक, वेशभूषाकार आणि कंटिन्युइटी, म्हणजे दृश्यादृश्यांतला मेळ, सांभाळणारा सहायक सेटवर विचारतो त्या प्रश्नांची उत्तरे: दार कोणत्या बाजूला सरकते, शस्त्र चालू असल्याची खूण काय, यानात वजन कशामुळे जाणवते, संदेश पोहोचायला किती वेळ लागतो. पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये प्रकाशालाच जागेनुसार सुमारे तीन ते बावीस मिनिटे लागतात. तिथली दोन पात्रे फोनवर बोलल्यासारखी भांडत असतील तर प्रकाशापेक्षा वेगवान संदेशवहन आपल्या जगात आहे हे ठरवूनच ते दृश्य लिहिले पाहिजे.

नियम हे ओझे वाटण्याचे कारण नाही, कारण चांगला नियम खर्चही वाचवतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘द एक्सपान्स’ या मालिकेत यानांचे मजले उंच इमारतीसारखे एकावर एक आहेत, आणि इंजिन चालू असताना त्याच्या रेट्यामुळे पात्रांना जमिनीचा आधार मिळतो. इंजिन बंद झाले की चुंबकी बूट कामाला येतात. विज्ञान सांभाळले गेले आणि प्रत्येक दृश्यात नटांना तारांवर लटकवण्याचा खर्चही टळला. ‘स्टार ट्रेक’मधला ट्रान्सपोर्टर, म्हणजे माणसांना यानातून थेट ग्रहावर पोहोचवणारे यंत्र, असाच जन्मला, कारण दर आठवड्याला अजस्र यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते.

विज्ञान सल्लागाराला फार उशिरा बोलावणे हीसुद्धा याच जातीची चूक. पुढच्या काळातल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकांच्या लेखकांपैकी रोनाल्ड डी. मूर यांनी जाहीरपणे सांगितले आहे की संवादात नुसते ‘टेक’ असे लिहून जागा सोडली जाई आणि सल्लागार तिथे शास्त्रीय वाटतील असे शब्द भरत. एखाद्या वाक्यापुरते हे चालेल. पण संकट सुटते तेच जर त्या रिकाम्या जागेतून, तर प्रेक्षकाला विचार करायला काही उरत नाही. सल्लागाराला कथासूत्र ठरवण्याच्या बैठकीतच बसवावे. जयंत नारळीकरांच्या कथा वाचलेल्या मराठी प्रेक्षकाला विज्ञानातूनच पेच निर्माण होतो आणि विज्ञानातूनच सुटतो हे पाहण्याची सवय आहे, त्याला शब्दांचा धूर पुरणार नाही.

‘व्हीएफएक्समध्ये करून टाकू’

सेटवर सर्वांत जास्त ऐकू येणारे आणि सर्वांत महाग पडणारे वाक्य हेच. व्हीएफएक्सला, म्हणजे दृश्यपरिणामांना, लागणारा वेळ हा चित्रीकरणाच्या वेळापेक्षा वेगळ्या घड्याळावर चालतो. १९६६ मध्ये दोन पायलटनंतर ‘स्टार ट्रेक’चा जो भाग सर्वांत आधी चित्रित झाला, तो परिणामांच्या कामामुळे रखडून १० नोव्हेंबर १९६६ रोजी, क्रमाने दहावा, दाखवला गेला. एका परिणाम-कंपनीला काम झेपेना तेव्हा ते अनेक कंपन्यांत वाटावे लागले. आज संगणक आहेत, पण गणित तेच आहे. पाच सेकंदांच्या एका शॉटमध्ये सेकंदाला २४ या दराने १२० फ्रेम असतात. एक फ्रेम पूर्ण व्हायला पाऊण तास लागत असेल तर एका यंत्रावर तो शॉट ९० तास घेईल, आणि दिग्दर्शकाने दुरुस्ती सांगितली की पुन्हा तितकेच. म्हणूनच सर्वांत जड परिणामांचे भाग हंगामाच्या शेवटी प्रसारित होणार असले तरी त्यांचे चित्रीकरण आधी लावता येईल का, हे वेळापत्रक करतानाच पाहावे.

लक्षणावरून कारण ओळखायचे तर काही खुणा सांगता येतील. परिणाम करणारा चमू एकच शॉट पुन:पुन्हा नव्या लांबीने मागत असेल, तर संकलन लॉक (पक्के) होण्याआधीच काम पाठवले गेले आहे. ते थांबवून आधी संकलन पक्के करावे, आणि प्रत्येक शॉट दोन्ही टोकांना आठ-दहा जादा फ्रेम ठेवून द्यावा, म्हणजे किरकोळ बदलासाठी सगळे नव्याने करावे लागत नाही. नटाच्या केसांच्या कडेला हिरवी झाक दिसत असेल, तर नट क्रोमाच्या, म्हणजे नंतर दुसरे चित्र घालण्यासाठी मागे लावलेल्या हिरव्या, पडद्याला फार चिकटून उभा आहे. त्याला पुढे आणावे आणि पडद्याचा प्रकाश वेगळा करावा. यान अधांतरी चिकटवल्यासारखे दिसत असेल तर बहुतेक वेळा सेटवरच्या प्रकाशाची दिशा कोणी टिपून घेतलेली नसते, आणि त्यासाठी परिणाम-पर्यवेक्षक हा माणूस चित्रीकरणाच्या प्रत्येक संबंधित दिवशी सेटवर हवा. त्याचे मानधन वाचवणारा निर्माता नंतर दुप्पट खर्च करतो.

शिरस्त्राण आणि मुखवटा

अंतराळवीराच्या शिरस्त्राणाची काच हा दिसायला छोटा प्रश्न. त्या गोल काचेत दिवे, बूम (मायक्रोफोनची लांब काठी) धरलेला माणूस आणि अख्खे युनिट दिसते, आणि नटाच्या श्वासाने ती आतून धुरकटते. धुके घालवायला आत छोटा पंखा बसवला की त्याची घरघर ध्वनिमुद्रणात येते. अशा दृश्यांत काच काढून चित्रीकरण करणे आणि प्रतिबिंब नंतर संगणकावर घालणे हा मार्ग अनेकदा सोयीचा ठरतो, पण त्याची तरतूद व्हीएफएक्सच्या अंदाजपत्रकात आधीच असावी, आणि सूटमधल्या सगळ्या संवादांचे डबिंग होणार असे धरूनच चालावे.

रंगभूषेत फोम लेटेक्सचे (मऊ, स्पंजासारख्या रबराचे) तुकडे वापरणार असाल तर ते काढताना त्यांच्या पातळ कडा फाटतात, त्यामुळे दर चित्रीकरण दिवसाला नवा संच लागतो. मुख्य पात्रच परग्रहवासी असेल तर हा खर्च हंगामभर चालतो. त्या नटाला इतरांच्या कित्येक तास आधी बोलवावे लागते आणि रात्री मुखवटा उतरवण्यातही वेळ जातो. त्याची विश्रांती हिशेबात न धरता लावलेले शेड्यूल पहिल्याच आठवड्यात कोसळते, आणि दमलेल्या त्वचेवर चिकटद्रव्याने पुरळ उठले की काम थांबते.

सगळा पैसा सुरुवातीला उधळणे

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या लेखकांचा संप पाच महिने चालला. त्यामुळे ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’चा दुसरा हंगाम २६ ऐवजी २२ भागांचा झाला. काही भागांवर ठरल्यापेक्षा अधिक खर्च झाला होता, आणि शेवटी १९८९ मध्ये हंगामाचा समारोप जुन्या भागांतले तुकडे जोडून, अवघ्या तीन दिवसांत चित्रित केलेल्या भागाने करावा लागला. एका उत्तम मालिकेचा तो सर्वांत दुबळा भाग मानला जातो. काटकसर करायची तर ती आधीच, ठरवून करावी. दोन खर्चिक भागांमध्ये उभ्या सेटवरच घडणारा एक बॉटल एपिसोड ठेवावा, आणि तो सर्वांत चांगल्या लेखकाकडे द्यावा, कारण तिथे संवाद आणि अभिनय यांच्यावाचून दुसरा आधार नसतो.

प्रसारणाचा क्रम करारात लिहून घ्यावा. २००२ मध्ये ‘फायरफ्लाय’ या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेचा ओळख करून देणारा पायलट वाहिनीने सर्वांत शेवटी दाखवला, आणि १४ भाग तयार असताना ११ दाखवून मालिका बंद केली. ओटीटीवर क्रमाचा घोळ कमी होतो, तरी भागांची संख्या मध्येच घटवली जाण्याची शक्यता तिथेही आहे.

फायली जपायला विसरणे

‘बॅबिलॉन ५’च्या दूरदृष्टीला इथे ठेच लागली. पुढे रुंद पडदे येतील हे ओळखून नटांची दृश्ये फिल्मवर रुंद चौकटीला चालतील अशी टिपली गेली. संगणकावरची दृश्ये मात्र त्या वेळच्या चौकोनी, ४:३ मापातच तयार झाली, आणि त्यांच्या मूळ फायली स्टुडिओकडे नीट जपल्या गेल्या नाहीत. डीव्हीडीसाठी रुंद आवृत्ती करताना ती दृश्ये वर-खाली कापून मोठी करावी लागली, त्यामुळे परिणाम असलेला शॉट आला की चित्र एकदम भरड होते. पुढची सुधारित आवृत्ती अखेर ४:३ मापातच काढली गेली. याउलट ‘द नेक्स्ट जनरेशन’चे संकलन व्हिडिओ टेपवर झालेले असले तरी मूळ ३५ मिमी फिल्म सांभाळून ठेवलेली होती, म्हणून २०१२ पासून ती पुन्हा संकलित करून, परिणाम नव्याने जोडून, उच्च दर्जाची आवृत्ती देता आली.

आजच्या निर्मात्याने कॅमेऱ्याची मूळ फुटेज, परिणामांचे वेगवेगळे थर, यानांची मॉडेल, त्यांवरचे पोत आणि वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीची नोंद, हे सगळे दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावे. व्हीएफएक्स स्टुडिओशी करार करतानाच या फायलींवर मालकी कोणाची हे स्पष्ट लिहावे, आणि त्या आपल्या संगणकावर उघडून पाहिल्यानंतरच शेवटचा हप्ता द्यावा.